चार सेलांवरचं बेट

या पुस्तकात ज्या गेमांची ओळख करून दिली आहे, त्यांतले बहुतेक नागपूरच्या दुकानांत रीतसर विकायला कधी आलेच नाहीत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. मीडिया, लिटल मास्टर अशी त्याची नावं, आणि वरच्या खाचेत दाबून बसवायची कॅसेट. हातात धरून खेळायचं तर ब्रिक गेम होता. डब्यावर हजारो गेमांचा दावा असायचा आणि आत विटाच विटा पडायच्या. गेमबॉय मात्र बॅगेतून आला. कुणाची मावशी अमेरिकेतून यायची, कुणाचे काका दुबईहून सुटीवर यायचे. धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात एखाद्याच घरी तो असायचा, आणि त्या घरीही कॅसेटी दोन-तीनच. पुढे कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन लागू लागलं आणि पिकाचू पोरापोरांच्या तोंडी बसला. पण हा पिकाचू मुळात १९९६ साली जपानात निघालेल्या गेमबॉयच्या कॅसेटमधून आला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्यामुळे नागपुरात हे गेम खेळायचे म्हटलं की पहिलं काम शोधायचं. शोध लागला की दुसरा प्रश्न उभा राहतो: हे खेळायचे कसे? तीस वर्षांपूर्वीचा गेम हातात आल्यावर तो काय मागतो हे कळलं नाही, तर माणूस दहा मिनिटांत कंटाळून तो बाजूला ठेवतो. हे पुस्तक या दोन्हींसाठी आहे. माझा आग्रह पहिल्याच पानावर सांगून टाकतो. हे गेम काचेच्या कपाटात मांडून ठेवण्याची वस्तू नव्हेत. ते शेवटापर्यंत खेळायचे असतात. गेल्या काही वर्षांत जमवणाऱ्यांची संख्या वाढली, भाव चढले, सीलबंद डब्यांचे फोटो फिरू लागले. खेळून संपवलेल्यांची गाठ मात्र क्वचित पडते, आणि मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं.

पुस्तकात ‘साहसी गेम’ हा शब्द मी बराच सैल धरला आहे. अनोळखी मुलुख, त्यात सोडलेला एक साधा माणूस, बंद दारं, कोडी, वाटेत भेटणारी माणसं आणि उलगडत जाणारी एक गोष्ट, एवढं असलं की तो गेम इथे घेतला. नुसती गाडी पळवायची किंवा नुसतं मारत सुटायचं, असे गेम सोडले. फास्टर फेणेच्या मागे फुरसुंगीहून पुण्यात आणि तिथून कुठे कुठे धावलेल्या मराठी वाचकाला साहस म्हणजे काय ते वेगळं समजावण्याची गरज नाही.

आता यंत्राकडे वळू, कारण यंत्राचा तोकडेपणा समजल्याशिवाय हे गेम समजत नाहीत. गेमबॉय जपानात २१ एप्रिल १९८९ रोजी विक्रीला आला. तो निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांच्या विभागात घडला. योकोई १९६५ साली कंपनीत लागले ते पत्ते छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी. निन्टेन्डो तेव्हा पत्ते बनवायची. योकोईंची कामाची रीत पक्की होती: जुनं, स्वस्त झालेलं, खोडी कळून चुकलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा कुणी न केलेला उपयोग करायचा. म्हणून गेमबॉयला रंग नव्हते. १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा, हिरवट करड्या रंगाच्या चार छटा, पडद्यामागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोघांना रंगीत, उजळ पडदा होता. पण त्यांना सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेमबॉय चार पेन्सिल सेलांवर पंधरा तास सहज चालायचा. नागपूरहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की मुंबईला उतरेपर्यंत पुरून उरेल इतका! पुढे आलेला गेमबॉय कलर धरून या यंत्राचे ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग खपले.

योकोईंच्या या काटकसरीचा परिणाम गेम लिहिणाऱ्यांवर झाला. चार छटांत जंगल दाखवायचं, दोन बटणांत सगळी हत्यारं बसवायची, आजच्या मोबाईलवरच्या एका फोटोपेक्षाही कमी जागेत अख्खी कथा कोंबायची. दाखवता येण्याजोगं थोडंच, मग बाकीचं खेळणाऱ्याच्या मनावर सोपवायचं. या पुस्तकातला प्रत्येक चांगला गेम हे सोपवणं विश्वासाने करतो. खेळणाऱ्याला तो लहान समजत नाही.

सगळ्यांत जास्त पानं ज्याला दिली, तो गेम म्हणजे १९९३ चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग’. त्याची सुरुवात कंपनीच्या कुठल्याही योजनेत नव्हती. काझुआकी मोरिता या प्रोग्रॅमरने गेमबॉयचं साहित्य हाताशी घेऊन काम संपल्यावर काहीतरी करून पाहायला सुरुवात केली. हळूहळू आणखी काही जण संध्याकाळचे थांबू लागले. ताकाशी तेझुका दिग्दर्शक झाले. मोठ्या यंत्रावरच्या आधीच्या झेल्डाची छोटी आवृत्ती करावी एवढाच पहिला विचार होता. पण वरून कुणाचं लक्ष नसल्याने मंडळी मोकळी सुटली आणि त्यांनी झेल्डाच्या मालिकेत झेल्डा नावाची राजकन्याच नसलेली गोष्ट लिहिली. वादळात जहाज फुटतं, लिंक नावाचा तरुण कोहोलिंट बेटावर वाहत येतो. बेटाच्या डोंगरावर एक प्रचंड अंडं आहे, अंड्यात वाऱ्याचा मासा झोपला आहे, आणि तो जागा झाल्याशिवाय बेटावरून सुटका नाही. त्याला जागं करायला आठ वाद्यं शोधायची.

हे बेट १६ बाय १६ चौकटींचं आहे. म्हणजे २५६ पडदे, आणि एका वेळी दिसणार एकच. कडेला गेलात की पडदा सरकतो, पुढचा येतो. प्रत्येक चौकटीत आडवे दहा आणि उभे आठ ठोकळे, बस्स. एवढ्यात गाव आहे, किनारा आहे, दलदल आहे, कबरस्तान आहे. गावात मारिन नावाची मुलगी गाते. तिला बेटाबाहेरचं जग पाहायचं आहे. खेळता खेळता एक शंका मनात शिरते: मासा जागा झाला तर या बेटाचं काय होईल? गेम ती शंका मिटवत नाही आणि तुम्हाला थांबवतही नाही. वाद्यं एकेक करून जमत जातात आणि पाय जड होत जातात. शेवट इथे सांगणार नाही. त्या प्रकरणातही तो वेगळ्या भागात, ठळक सूचना देऊन, ठेवला आहे.

दोन गोष्टी मात्र जवळून दाखवतो. गावात एक दुकान आहे. दुकानदाराची नजर चुकवून, त्याच्याभोवती फिरत फिरत, पैसे न देता वस्तू घेऊन बाहेर पडता येतं. गेम तेव्हा अडवत नाही. पण त्यानंतर बेटावरची माणसं तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारायची थांबतात. प्रत्येक जण ‘चोर’ म्हणतो, आणि ते नाव शेवटपर्यंत बदलत नाही. पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलं तर दुकानदार जीवच घेतो. तीस वर्षांत नीतीचा विचार करायला लावणारे किती तरी महागडे गेम आले, पण नाव काढून घेण्याइतकी साधी आणि इतकी लागणारी शिक्षा मला दुसरीकडे सापडली नाही.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. एका खेळघरात बाहुली जिंकायची, ती तान्ह्या बाळाच्या आईला द्यायची, ती रिबन देते. रिबन दिली की कुत्र्याच्या खाण्याचा डबा मिळतो, डब्याच्या बदल्यात केळी, केळ्यांच्या बदल्यात काठी, काठीच्या बदल्यात मधाचं पोळं. असं करत करत साखळीच्या टोकाला एक भिंग हातात येतं. त्या भिंगाने गावातल्या वाचनालयातलं बारीक अक्षरांचं पुस्तक वाचता येतं, आणि अंड्यातल्या चकव्यातून जायची वाट त्याच पुस्तकात आहे. सुरुवातीच्या गावात, पहिल्याच तासाभरात, ते पुस्तक तुम्ही पाहिलेलं असतं. तेव्हा ते वाचता आलं नव्हतं. अशी लांबवर टाकलेली गाठ सुटते तेव्हा होणारा आनंद हा या जातीच्या गेमांचा गाभा आहे. ती गाठ लक्षात ठेवायचं काम मात्र तुमचं. गेम आठवण करून देत नाही.

म्हणून खेळताना वही घ्या. चौकटी आखा, नकाशा काढा, कोण काय म्हणालं ते लिहा. अडलात की यूट्यूबवर उत्तर मिनिटात मिळतं. ते पाहू नका, निदान दोन दिवस तरी. यंत्र बंद करून कामाला लागलं की उत्तर कधी आंघोळ करताना सुचतं, कधी पंचशील चौकात सिग्नलला उभं असताना. त्या दोन दिवसांत गेम तुमच्या आत चालू असतो. उत्तर पाहून पुढे सरकणाऱ्याच्या वाट्याला फक्त अंगठ्यांची कसरत येते.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याशी या खेळण्याचं चांगलं जमतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नाही. कूलरसमोरच्या त्या लांबलचक दुपारी एका बेटाला द्यायला अगदी योग्य आहेत. एक अडचण सांगून ठेवतो. मूळ गेमबॉयला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे खिडकीजवळच बसावं लागतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत, ज्या घरी २००३ चा गेमबॉय अॅडव्हान्स एसपी होता, त्या घरची मुलं अंधारात नशीबवान ठरली. त्या यंत्रात दिवा होता आणि चार्ज होणारी बॅटरीही.

आता शोधायचं कुठे? दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून उतरणाऱ्या पेट्या ही पहिली जागा. मुलं शिकायला पुण्याला, तिथून पुढे परदेशात गेली, आणि त्यांचं सामान आईवडिलांनी जपून बांधून ठेवलं, अशी घरं या शहरात पुष्कळ आहेत. नातेवाइकांना विचारायला लाजू नका. कबाडीवाल्यांशी ओळख ठेवा. बहुतेकांना ही वस्तू म्हणजे बिघडलेला रेडिओ किंवा कॅल्क्युलेटर वाटतो, म्हणून त्यांना मोबाईलवर फोटो दाखवून ठेवलेला बरा. त्यांना वाजवी पैसे द्या. वस्तूची किंमत तुम्हाला कळते आणि समोरच्याला कळत नाही, याचा फायदा घेऊन जमवलेल्या कॅसेटीवर माझं मन बसत नाही.

सीताबर्डीवरच्या गल्ल्यांत मोबाईल दुरुस्त करणारी जी मुलं बसतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा. पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेघा पडलेला एक गेमबॉय घेऊन मी अशाच एका टपरीवर गेलो होतो. त्या मुलाचा जन्म झाला तेव्हा हे यंत्र जुनं झालेलं असणार. उलटसुलट पाहून तो म्हणाला, “होऊन जाते न भाऊ.” मागचे स्क्रू काढले, पडद्याच्या खालच्या कडेला असलेली चपटी पट्टी शोधली. ठिपके चालवणाऱ्या तारांचा सांधा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिथेच सुटतो. यंत्र चालू ठेवून त्याने गरम सोल्डरिंग आयर्न त्या पट्टीवरून अगदी हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे फिरवलं. रेघा एकामागून एक भरत गेल्या. हे करताना घाई केली तर पट्टी जळते, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने घरी प्रयोग करू नये.

खोट्या कॅसेटींबद्दल एक पूर्ण प्रकरण आहे, कारण बाजारात त्याच जास्त आहेत. थोडक्यात सांगायचं तर खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात. तिरप्या उजेडात धरलं की ते दिसतात. मागचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघणारा नसतो. खोट्या कॅसेटचा सर्वांत मोठा दगा वेगळाच आहे: खेळ जतन होत नाही, किंवा होतो आणि एके दिवशी नाहीसा होतो. वीस तास खेळून झालेल्या मुलाचा चेहरा अशा वेळी पाहवत नाही.

खऱ्या कॅसेटमध्येही काळ मोजला जातोच. त्या काळच्या पुष्कळ कॅसेटींत नाण्याच्या आकाराचा एक लिथियम सेल असतो आणि तुमचा खेळ त्याच्या जोरावर टिकून राहतो. सेल संपला की आठवण पुसली. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तर दिवसरात्र चालणारं घड्याळही त्याच सेलवर आहे, त्यामुळे त्या कॅसेटी लवकर थकतात. सेल बदलता येतो, पण बदलताना जुना खेळ जातो. जुनी कॅसेट सुरू केल्यावर कधी कधी आधीच्या मालकाचा खेळ जिवंत सापडतो. कुण्या मुलाने लिहिलेलं नाव, सहा वाद्यं मिळालेली, सातव्याच्या दारात थांबलेला. असा खेळ मी पुसत नाही. ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये तीन जागा असतात, उरलेल्या जागेत स्वतःचा सुरू करतो.

काळजी वाटावी अशी परिस्थिती नुसत्या सेलांची नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा रीतसर विकत मिळत नव्हते. गेमबॉयच्या बाबतीत तर शंभरात सहासुद्धा मिळत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद केलं आणि त्यावर नव्याने विकले जाणारे जुने गेम एका रात्रीत दिसेनासे झाले. ‘लिंक्स अवेकनिंग’ त्या मानाने सुदैवी. १९९८ मध्ये त्याची रंगीत आवृत्ती निघाली, २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच यंत्रासाठी तो नव्याने घडवला गेला, आणि रंगीत आवृत्ती २०२३ पासून स्विचच्या वर्गणीतही खेळता येते. ज्यांच्या मागे एवढी मोठी मालिका नाही, ते गेम कुणी सांभाळायचे?

एम्युलेटरचा, म्हणजे जुने गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रश्न इथे येतोच. हजारो गेम भरलेली स्वस्त चिनी यंत्रं आज कुणीही मागवू शकतो. त्या भरलेल्या कॉपी बेकायदा असतात, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःजवळ कायदेशीरपणे असलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षिततेपुरती प्रत काढायला वाव आहे, आणि कॅसेट विकत घेऊन तिची प्रत काढणारी मंडळी मला योग्य वाटतात. माझी दुसरी तक्रार कायद्याची नाही. हजार गेम हाती असले की माणूस प्रत्येकाला पाच मिनिटं देतो. गेमबॉयच्या जमान्यातल्या मुलाकडे तीन कॅसेटी होत्या आणि त्या तिन्हींचा कानाकोपरा त्याला पाठ होता. तुम्ही कुठलंही यंत्र वापरा, पण एका वेळी एकच गेम त्यात ठेवा.

बाकीच्या प्रकरणांतल्या काही गेमांची नावं घेऊन ठेवतो. १९९९ चा ‘सर्व्हायव्हल किड्स’ निर्जन बेटावर भूक आणि तहान सांभाळायला लावतो. २००३ चा ‘बोक्ताई’ हिदेओ कोजिमांच्या कल्पनेतला. त्याच्या कॅसेटमध्ये ऊन ओळखणारा सेन्सर आहे आणि पिशाच्चांशी लढायचं तर खरोखरीच्या उन्हात जावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी सातलाच गच्चीवर तेवढं ऊन मिळतं, दुपारी जाऊ नका. २००७ च्या ‘फँटम अवरग्लास’मध्ये एका ठिकाणी वरच्या पडद्यावरची खूण खालच्या नकाशावर उमटवायची असते. बटणं दाबून, पडद्याला टेकवून, सगळं करून पाहिलं तरी जमत नाही. उपाय एकच, दोन पडद्यांचा निन्टेन्डो डीएस पुस्तकासारखा मिटायचा. एवढंसं कोडं, पण हातातल्या यंत्राशिवाय दुसरीकडे कुठेही ते सुचलं नसतं.

मराठी मुलखाचाही यात वाटा आहे. आपल्यातल्या बहुतेकांचं पहिलं हातातलं यंत्र नोकियाचा फोन होतं, आणि त्या फोनांसाठी गेम लिहिणाऱ्या कंपन्यांत १९९९ साली मुंबईत विशाल गोंडल यांनी सुरू केलेली इंडियागेम्स होती. त्या काळचे फोनवरचे गेम आज गेमबॉयच्या गेमांहूनही दुर्मीळ झाले आहेत, कारण त्यांची कॅसेटच नव्हती. फोन भंगारात गेला की गेमही गेला. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वांत आधी आला तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसूनही या मंडळींनी तो पूर्ण केला. सर्कशीतली एक मुलगी पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघते, आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगत राहतात. लढाई काही ठिकाणी रेंगाळते, पण गेममधल्या महालांच्या भिंतींवरची चित्रं पाहायला मी पुन्हा पुन्हा थांबलो. शेवटचं प्रकरण या गेमचं आहे.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण घरगुती आहे. गेमांवरचं वाचन इंग्रजीत ढीगभर मिळतं, पण ज्या आईने माळ्यावर पेटी जपली तिला आणि जी भाची ती आता उघडणार आहे तिला एकत्र बसून वाचता येईल असं काही हाताशी नव्हतं. प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचा. पेटी सापडलीच, तर यंत्र सुरू करून पाहण्याआधी मागचं झाकण उघडा. जुने सेल गळले असतील तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसेल. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच नवे सेल घाला. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीतल्या ओलाव्याने आतले पत्रे गंजतात, त्यांच्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं. ते कसं वापरायचं, हे पहिल्या प्रकरणात चित्रांसह दिलं आहे.